पोपटांचं प्रजनन: जोडी निवडण्यापासून पिल्लं वेगळी करण्यापर्यंत

पोपटाची जोडी आणली, पिंजऱ्याला अंडी घालायची लाकडी पेटी अडकवली आणि वाट पाहत बसलं तर अंडी होतातही. पण अंडी होणं वेगळं आणि धडधाकट पिल्लू दांडीवर बसून स्वतःच्या चोचीने दाणा फोडू लागणं वेगळं. अगदी छोट्या जातीतही या दोन्हींमध्ये दोन महिने जातात आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं: फोल अंडी, पोटात अडकलेलं अंडं, पाय फाकलेली पिल्लं, आईनेच उपटलेली पिसं. यातल्या बऱ्याच भानगडींचं मूळ पेटी लावण्याच्या आधीच्या एक-दोन महिन्यांत असतं. म्हणून या लेखात पेटी बरीच उशिरा येते आणि प्रत्यक्षातही ती उशिराच यावी.

आधी पक्षी समजून घ्या

पोपटांच्या जगभरात सुमारे ४०० जाती आहेत. तेरा सेंटिमीटरहूनही आखूड पॅरटलेटपासून मीटरभर लांबीच्या हायसिंथ मकॉवपर्यंत आकार वेगवेगळे असले तरी ठेवण एकच. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, त्यामुळे दाणा पायात धरून खाता येतो. वरची चोच कवटीला पक्की जखडलेली नसते, ती स्वतंत्र हलते. चढताना ती तिसऱ्या पायाचं काम करते. चोच आयुष्यभर वाढत राहते, म्हणून कुरतडायला लाकूड द्यावंच लागतं.

प्रजननासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक पोपट घरटं बांधत नाहीत, ते ढोली शोधतात. झाडाची नैसर्गिक पोकळी किंवा सुतारपक्ष्याने सोडलेलं भोक चोचीने थोडं रुंद करायचं, आतल्या भुशावर अंडी घालायची, एवढाच त्यांचा संसार. अंधारात लपलेल्या अंड्यांना रंगाठिपक्यांची गरज नसते, म्हणून पोपटाची अंडी पांढरीशुभ्र असतात. याला अपवाद आहेत. माँक पॅराकीट काटक्यांची सामाईक वसाहत बांधतो, पॅटागोनियन कोनूर कड्यात बिळं कोरतो आणि न्यूझीलंडचा न उडणारा काकापो जमिनीलगत अंडी घालतो. पण पिंजऱ्यात ज्या जाती आढळतात त्या बहुतेक ढोलीवाल्याच. त्यांच्या लेखी ‘अंधारी, अरुंद, सुरक्षित पोकळी मिळाली’ याचा अर्थ ‘आता अंडी घालायला हरकत नाही’ असा होतो. पेटी म्हणजे नुसती सोय नव्हे, मादीच्या शरीराला दिलेला तो इशारा आहे.

दुसरा इशारा अन्नाचा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले बजरीगर पाऊस पडून गवताला दाणा धरला की विणीला लागतात, महिना कोणताही असो. काकापो तर रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळ धरतं त्याच वर्षी प्रजनन करतो, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदाच. पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही अन्न, पाणी आणि लांबलेला दिवस यांवरूनच मोसम कळतो.

बहुतेक जातींत अंड्यांवर मादी एकटी बसते आणि नर तिला चोचीने भरवतो. कॉकाटूच्या कुळात, म्हणजे कॉकाटिएलमध्येसुद्धा, पाळी वाटून घेतली जाते. दिवसा बहुधा नर, रात्री मादी. हे माहीत नसलं तर ‘माझा नर अंड्यांवर बसतो, काहीतरी बिघडलंय’ किंवा ‘माझा नर बसतच नाही’ अशा दोन्ही बाजूंनी उगाच काळजी लागते.

पोपट बोलतो तोही याच कौटुंबिक स्वभावापायी. आवाज तो उपजत घेऊन येत नाही, आपल्या माणसांकडून शिकतो. व्हेनेझुएलातल्या हिरव्या पाठीच्या पॅरटलेटमध्ये आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात आणि पिल्लं ती पुढे स्वतःची म्हणून वापरतात, असं आढळलं आहे.

कोणती जात, किती वय

बजरीगरला बरेच जण लव्हबर्ड म्हणतात; खरा लव्हबर्ड वेगळा. पुढची मापं वाचताना ही गल्लत टाळा.

नवशिक्याने बजरीगर किंवा कॉकाटिएलपासून सुरुवात करावी. बजरीगर चार-सहा महिन्यांतच वयात येतो, पण जोडी लावायची ती दहा-बारा महिन्यांनंतर. कॉकाटिएलला दीड वर्ष होऊ द्या, लव्हबर्डला एक वर्ष. गुलाबी कंठवाल्या पोपटाला म्हणजे रिंगनेकला दोन ते तीन वर्षं लागतात. नराचा गळपट्टाच तेव्हा उमटतो. आफ्रिकन ग्रे चार-पाच वर्षांनी आणि मोठे मकॉव पाच ते सात वर्षांनी. कोवळ्या मादीची हाडं अजून भरलेली नसतात आणि अंड्याचं कवच तिथूनच येतं. अंडं अडकण्याच्या प्रसंगांत पहिलटकरीण आणि कमी वयाची मादी वरचेवर दिसते ती यामुळेच.

कायद्याचीही बाजू आहे. रानातून धरलेला पक्षी घेऊच नका. अनेक देशांत स्थानिक पोपट पकडणं, विकणं किंवा बाळगणं गुन्हा आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात बजरीगर, कॉकाटिएल, पीच-फेस लव्हबर्ड आणि रिंगनेक या चार जाती वगळता सगळे पोपट येतात. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून सर्वांत कडक यादीत आहे. शिवाय रानातला प्रौढ पक्षी पिंजऱ्यात क्वचितच जोडी बांधतो, त्यामुळे तो घेणं व्यवहारातही तोट्याचंच.

नर कोण, मादी कोण

इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया. प्रौढ बजरीगरच्या चोचीवर, नाकपुड्यांभोवती जो मांसल पट्टा असतो तो नरात निळा आणि मादीत तपकिरी किंवा पांढुरका. मादी विणीला आली की हा पट्टा गडद, खडबडीत होतो. मात्र पिवळ्या ल्युटिनो, पांढऱ्या अल्बिनो आणि काही पाइड, म्हणजे चट्ट्यापट्ट्यांच्या, रंगांच्या नरांत तो आयुष्यभर गुलाबी-जांभळटच राहतो. करड्या कॉकाटिएलमध्ये पहिल्या पिसझडीनंतर नराचा चेहरा झळझळीत पिवळा होतो. मादीच्या शेपटीखाली आडव्या पट्ट्या राहतात. एक्लेक्टसमध्ये तर नर हिरवा आणि मादी लाल-निळी, शंकेला जागाच नाही.

लव्हबर्ड, ग्रे, मकॉव, बरेचसे कोनूर यांत डोळ्यांनी काहीच सांगता येत नाही. ओटीपोटाची हाडं चाचपून नर-मादी ठरवण्याची पद्धत सर्रास चालते, पण ती भरवशाची नाही. उपटलेल्या ताज्या पिसांवरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी करून घ्या. दोन माद्या एकत्र ठेवल्या तरी त्या एकमेकींना भरवतात, एकत्र पेटीत जातात, अंडीही घालतात. पेटीत एकदम आठ-दहा अंडी दिसली आणि काही दिवशी दोन-दोन पडली असतील तर दोन्ही माद्या आहेत असं बिनदिक्कत समजा. सगळी अंडी फोल निघतील.

पेटीच्या आधीचे दीड-दोन महिने

*वेगळं ठेवणं.* नवा पक्षी ३० ते ४५ दिवस इतरांपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा. या काळात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून विष्ठा तपासा आणि सिटॅकोसिस व चोच-पिसांचा विषाणूजन्य रोग यांच्या चाचण्या करून घ्या. सिटॅकोसिस माणसालाही होतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणं असतात. म्हणून पिंजऱ्यातली वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. आधी पाणी फवारा, मास्क लावा, मग पुसा.

*खाणं.* नुसत्या दाण्यांवर वाढलेली मादी वरून गुबगुबीत आणि आतून उपाशी असते. दाण्यात चरबी भरपूर, पण जीवनसत्त्व अ, कॅल्शियम आणि काही आवश्यक अमिनो आम्लं कमी. पेटी लावण्याच्या सहा आठवडे आधीपासून रोज मऊ खाणं सुरू करा: मोड आलेली धान्यं व कडधान्यं, हिरवा पाला, किसलेलं गाजर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा दहा-बारा मिनिटं उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. बजरीगरच्या जोडीला दोन छोटे चमचे पुरतात. उष्ण दिवसांत हे दोन तासांत उचला. आंबलेल्या खाण्यातून बुरशीचा संसर्ग थेट पिल्लांच्या क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्यातल्या अन्नपिशवीत, पोचतो. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि कांदा कधीच देऊ नका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस आणि मिनरल ब्लॉक कायम लटकलेले असावेत. पण एक मेख आहे. कॅल्शियम अंगी लागायला जीवनसत्त्व ड-३ लागतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत तयार होतं. खिडकीची काच हे किरण अडवते. काचेमागे भरपूर उजेडात ठेवलेली मादी कॅल्शियम खाऊनही कमी पडू शकते. रोज थोडा वेळ थेट कोवळं ऊन, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, हा उत्तम उपाय. ड-३ चे थेंब अंदाजाने देऊ नका. ते जास्त झाले तर मूत्रपिंडं निकामी होतात.

*उजेड.* दिवसाचा प्रकाश दहा-अकरा तासांवरून आठवड्याला अर्धा तास असा वाढवत १३-१४ तासांवर न्या. एकदम वाढवलात तर पिसझड सुरू होऊ शकते आणि पिसझडीतला पक्षी विणीला लावायचा नसतो.

*पिंजरा.* बजरीगरच्या एका जोडीला किमान ६० × ४० × ४० सेंटिमीटर, कॉकाटिएलला ९० × ६० × ६०. रिंगनेकला दोन-तीन मीटर लांबीची उडायची जागा मिळाली तर नर तंदुरुस्त राहतो. तारेच्या गजांमधली फट बजरीगरसाठी १२ मिलिमीटरच्या वर नको. नव्या जस्ताच्या तारेवरची पूड चोचीत जाऊन विषबाधा होते, म्हणून जाळी आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून धुवा. नॉनस्टिक भांडं तापतं त्या स्वयंपाकघराजवळ पिंजरा नको. त्याचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारतो.

दांड्यांकडे कोणी बघत नाही, आणि फोल अंड्यांचं एक साधं कारण तिथेच असतं. मीलनात नर मादीच्या पाठीवर चढून शेपटी खाली वळवतो, दोघांची विष्ठाद्वारं क्षणभर टेकतात. दांडी फिरती, डुलती किंवा गुळगुळीत असेल तर मादी तोल सांभाळण्यातच गुंतते आणि काम अर्धवट राहतं. दोन जाड-बारीक नैसर्गिक फांद्या दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून बसवा, डोक्यावर मोकळी जागा ठेवा. नर-मादीच्या शेपटीखाली पिसांचा फार दाट झुपका असेल तर विष्ठाद्वाराभोवतीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने थोडी कातरा.

आता पेटी

आतली मापं सेंटिमीटरमध्ये: बजरीगर १५ × १५ × २०, भोक ४ ते ५. लव्हबर्ड १८ × १८ × २५, भोक ५ ते ६. कॉकाटिएल ३० × ३० × ३०, भोक ७ ते ८. रिंगनेक २५ × २५ × ५०, भोक ८. आफ्रिकन ग्रे ३० × ३० × ६०, भोक १० ते १२. मकॉवला याच्या दुपटीहून मोठी, जाड फळ्यांची, कडांना पत्रा मारलेली पेटी लागते, नाहीतर ती महिनाभरात भुसा होते.

लाकूड १२ मिलिमीटरच्या आसपास, रंग किंवा व्हार्निश न लावलेलं. तळाला मधे उथळ खळगा असला पाहिजे. सपाट तळावर अंडी घरंगळतात, काही थंड राहतात, आणि पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना सरकून फाकतात. खोल पेटीत भोकाखाली आतल्या बाजूने आडव्या पट्ट्या किंवा खडबडीत फळी ठोका. मादी भोकातून सरळ अंड्यांवर उडी मारणार नाही. तपासणीचं दार बाजूला, तळापासून काही सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे उघडताना भुसा आणि अंडी बाहेर येत नाहीत. मडकं चालतं, पण आत हात घालून पिल्लू नीट पाहता येत नाही आणि उन्हात ते फार तापतं. आम्ही पेटीच सुचवू.

आत पाइनच्या लाकडाचा जाडसर भुसा तीन ते पाच सेंटिमीटर घाला. देवदाराचा वासाळ भुसा नको, बारीक पूडही नको. बजरीगरची मादी बऱ्याचदा सगळा भुसा बाहेर फेकते. तिच्या मर्जीने खळगा उघडा राहिला तरी चालेल, फक्त तो खडबडीत असू द्या. लव्हबर्डला मात्र साहित्य लागतंच. पीच-फेसची मादी पानांच्या किंवा कागदाच्या पट्ट्या चोचीने एकसारख्या कुरतडते आणि पाठीच्या खालच्या पिसांत खोचून पेटीपर्यंत नेते. अर्ध्या वाटेतच गळतात, ती पुन्हा कापते. लव्हबर्डच्याच फिशर आणि मास्क्ड जातीच्या माद्या त्या चोचीतून नेतात.

पेटी पिंजऱ्याच्या वरच्या भागात, भोक उजेडाकडे पण थेट उन्हाकडे नको. एकाच मोठ्या पिंजऱ्यात बजरीगरच्या अनेक जोड्या असतील तर जोड्यांच्या दीडपट पेट्या, सगळ्या एकाच उंचीवर. वरची पेटी सर्वांनाच हवी असते आणि त्यासाठी माद्या एकमेकींची अंडी फोडतात, पिल्लं मारतात. जोडीदाराविना एकटी मादी तिथे ठेवू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. मोठ्या पांढऱ्या कॉकाटूंत नर मादीवर हल्ला करून तिला मारून टाकू शकतो. तिथे पेटीला दोन भोकं ठेवतात, म्हणजे तिला पळायला वाट राहते.

जोडी जुळल्याशिवाय पेटी लावू नका. नर डोकं हलवत मादीला भरवतोय, दोघं एकमेकांच्या डोक्यावरची पिसं साफ करतात, एकाच दांडीवर खेटून झोपतात, ही जुळल्याची खूण. नुसतं शेजारी बसणं म्हणजे जोडी नव्हे. मोठ्या जातींत माणसाने ठरवलेली सोयरीक वर्षभर जुळत नाही; चार-सहा तरुण पक्षी एकत्र ठेवून त्यांनाच निवडू दिलं तर काम लवकर होतं.

अंडी

पेटी पसंत पडली की बजरीगरची मादी साधारण आठ ते दहा दिवसांत पहिलं अंडं घालते. त्याआधी तिची विष्ठा मोठी, सैल होते आणि शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसतो. पुढची अंडी एक दिवसाआड. बजरीगर, कॉकाटिएल आणि लव्हबर्ड चार ते सहा, रिंगनेक आणि ग्रे तीन ते पाच, मकॉव दोन-तीन.

उबवणीचे दिवस: बजरीगर १८, कॉकाटिएल १८ ते २१, लव्हबर्ड २१ ते २३, रिंगनेक २२ ते २४, मकॉव २६ ते २८, ग्रे २८ ते ३०. ही मोजदाद अंडं पडलं त्या दिवसापासून नाही, मादी घट्ट बसली त्या दिवसापासून करायची. काही माद्या दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यापर्यंत नीट बसतच नाहीत. तोवर थंड राहिलेलं अंडं मेलेलं नसतं. घाईने फेकू नका.

बसल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, मादी खायला बाहेर आली की, अंधारात बारीक टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला धरा. फलित अंड्यात मधोमध गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरांचं जाळं दिसतं. नीट पाहिलं तर ठिपक्याची धडधडही कळते. फोल अंडं पिवळसर, स्वच्छ राहतं. शिरा मोडून रक्ताचं एकच कडं दिसत असेल तर गर्भ मेला आहे. दहाव्या दिवसानंतर सगळं गडद होतं आणि रुंद टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळ दिसते. अंड्यावर पेन्सिलने नव्हे, मऊ टोकाच्या पेनाने तारीख टाका. केसासारखी चीर पडली असेल आणि आतला पापुद्रा शाबूत असेल तर फक्त चिरेवर नेलपॉलिशचा पातळ थर लावता येतो. सगळं अंडं रंगवलं तर छिद्रं बुजून गर्भ गुदमरतो.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पेटीवर हलकेच टकटक करून पाहणी पुरे. सारखं डोकावलं तर कॉकाटिएल अंडी सोडून देतात. रात्री दचकून फडफडण्याची खोडही त्यांना असते, तेव्हा खोलीत मंद दिवा ठेवा. आंघोळीला उथळ भांड्यात पाणी रोज हवं. मादी ओल्या पोटाने येऊन बसते आणि पेटीतला ओलावा राखला जातो. शेवटच्या दिवसांत पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं तेव्हा कोरडेपणा, मादीचं निकृष्ट खाणं किंवा वारंवार थंड पडलेली अंडी, यांतलं एखादं कारण बहुतेकदा सापडतं.

इनक्युबेटर वापरायचाच असेल तर तापमान ३७.२ ते ३७.५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० ते ५५ टक्के. अंडी दिवसातून किमान पाच-सहा वेळा अर्धा फेरा फिरवा, शेवटचे तीन दिवस फिरवणं थांबवा. पण आईबाप बसत असतील तर हा उपद्व्याप कशाला?

अंडं अडकलं तर

मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होते, जोर करते, कधी एक पाय लुळा पडतो. हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. छोटी मादी काही तासांत दगावते. नेईपर्यंत तिला लहान खोक्यात ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवा, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून हवा दमट करा, प्यायला पाणी द्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर मादी हाती लागत नाही. वाचली तर त्या वर्षी तिची वीण बंद.

पिल्लं

कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर पडायला लहान जातींत एक-दोन दिवस लागतात. मदतीच्या नावाखाली कवच सोलू नका. आतल्या रक्तवाहिन्या आणि बलक शरीरात ओढला जायचा असतो. आधी सोललं तर रक्तस्राव होतो.

अंडी एक दिवसाआड फुटतात, म्हणून सहाव्या पिल्लाच्या जन्मावेळी पहिलं दहा दिवसांचं, अनेकपट जड असतं. धाकटं दबून मरण्याचा धोका इथेच. दुसऱ्या पेटीत त्याच वयाची पिल्लं असतील तर तिकडे हलवा. बजरीगर आणि कॉकाटिएल परकं पिल्लू सहसा स्वीकारतात.

नवजात पिल्लू उघडं, आंधळं आणि मान तोलू न शकणारं. बजरीगरची मादी पहिले काही दिवस त्याला पोटातून आलेला पातळ, प्रथिनयुक्त स्राव भरवते. तुम्ही पाहायचं ते एवढंच: सकाळी पिल्लाच्या मानेच्या बुडाशी, पारदर्शक कातडीखाली, क्रॉप फुगीर आणि मऊ दिसतो का? आतले दाणे मोजता येतील इतका स्पष्ट दिसतो तो. रिकामा, सुरकुतलेला क्रॉप आणि थंड अंग म्हणजे भरवलं जात नाही. फुगलेला पण तासन् तास तसाच, कडक किंवा आंबूस वासाचा असेल तर संसर्ग आहे, डॉक्टर गाठा.

बजरीगरचे डोळे सातव्या ते दहाव्या दिवशी उघडू लागतात, त्याच सुमारास पायात ओळखीची बंद कडी घालायची. उशीर झाला तर कडी बोटांवरून जात नाही. कॉकाटिएलला आठ ते बारा दिवस. दुसऱ्या आठवड्यात पिसांच्या सुया फुटतात, चौथ्या आठवड्यात अंग भरतं. खाणं या काळात दुपटीने लागतं. पहाटे भांडं रिकामं सापडणं धोक्याचं. दोन आठवड्यांनंतर दर दोन-तीन दिवसांनी भुसा बदला, कारण ओल्या विष्ठेचा थर बोटांना चिकटून कडक झाला की नखं, कधी बोटंही तुटतात.

पाय फाकलेले दिसले तर पहिल्या दोन आठवड्यांत मऊ चिकटपट्टीची इंग्रजी आठच्या आकाराची बेडी घालून पाय नैसर्गिक अंतरावर आणता येतात. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदला. हाडं घट्ट झाल्यावर उपाय राहत नाही.

पिल्लांच्या डोक्या-पाठीवरची पिसं उपटलेली दिसली तर मादीला पुढच्या विणीची घाई झाली आहे आणि पिल्लं तिच्या वाटेत आहेत. कॉकाटिएल आणि लव्हबर्डमध्ये हे नेहमीचं. दुसरी रिकामी पेटी लावली की ती तिकडे जाते आणि नर आधीची पिल्लं सांभाळतो. त्वचेतून रक्त येत असेल तर पिल्लं काढून घ्या.

हाताने भरवणं

पिल्लू माणसाळावं म्हणून दहा दिवसांचं काढून घेण्याची पद्धत आहे. आमचं मत सरळ आहे: गरज नसेल तर नको. रोज दहा मिनिटं हाताळलेलं, आईबापांनी वाढवलेलं पिल्लूही माणसाळतं आणि पुढे स्वतः चांगले आईबाप होतं. माणसालाच जोडीदार समजून बसलेला मोठा पोपट विणीच्या वयात चावरा आणि किंचाळा होतो.

गरज पडलीच तर पिल्लांना भरवायचा तयार फॉर्म्युला वापरा. भरवताना तापमान ३९ ते ४० अंश, थर्मामीटरने मोजून. ४३ अंशांपुढे क्रॉप भाजतो आणि काही दिवसांनी तिथे भोक पडतं. थंड दिलं तर पचन थांबतं. मायक्रोवेव्हमधून काढलेल्या मिश्रणात मधेच उकळते खिसे राहतात, म्हणून नीट ढवळा. एका वेळी वजनाच्या सुमारे दहा टक्के: ३० ग्रॅमच्या पिल्लाला तीन मिलिलिटर. पिल्लाच्या डाव्या बाजूने सिरिंज घालून उजवीकडे रोख ठेवा. ते मान हलवून गिळत असेल तेव्हाच ढकला, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. दिवसातून एकदा, साधारण पहाटे, क्रॉप पूर्ण रिकामा झालाच पाहिजे. तेव्हाच वजन करा. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर काहीतरी चुकतंय. उब नवजाताला ३५-३६ अंश, सुया फुटल्यावर ३० च्या आसपास, पिसं भरल्यावर २५-२६. पिल्लं एकमेकांपासून लांब पंख पसरून धापत असतील तर गरम होतंय, एकावर एक गोळा झाली असतील तर थंडी वाजतेय.

वेगळं करणं आणि विश्रांती

बजरीगर ३० ते ३५ दिवसांत पेटी सोडतो. बाप आणखी आठवडा-दोन आठवडे भरवतो. सहा आठवड्यांनी वेगळं करा. कॉकाटिएल चार-पाच आठवड्यांत बाहेर येतो पण आठ-दहा आठवड्यांपर्यंत भरवून घेतो. लव्हबर्ड सहा आठवड्यांत बाहेर, आठव्यात वेगळा. ग्रे बारा आठवडे पेटीत राहतो आणि मकॉवची पिल्लं तर त्यानंतरही कित्येक महिने आईबापांच्या मागे असतात. दिवस मोजण्यापेक्षा दाण्याची टरफलं मोजा: पिल्लू दाणा चोचीत खेळवतंय की फोडून खातंय, हे टरफलांवरून आणि वजनावरून कळतं.

वर्षाला दोन खेपा, त्यापुढे पेटी काढून ठेवा. उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. उजेड पुन्हा दहा-अकरा तासांवर आणा.

रंगाची गणितं, थोडक्यात

पक्ष्यांत लिंग ठरवणारी दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात. त्यामुळे बजरीगर आणि कॉकाटिएलमधला ल्युटिनो रंग लिंगाशी जोडलेला असतो. ल्युटिनो नर आणि साधी मादी यांच्या सगळ्या मुली ल्युटिनो होतात, मुलगे दिसायला साधे पण ल्युटिनोचे वाहक. म्हणजे घरट्यातच नर-मादी कळतात. उलट लावलं, साधा (वाहक नसलेला) नर आणि ल्युटिनो मादी, तर एकही पिल्लू ल्युटिनो होत नाही. ल्युटिनो कॉकाटिएल आपसांत पिढ्यान् पिढ्या लावत गेलात तर तुऱ्यामागचं टक्कल वाढतं. मधे करडा आणा. पीच-फेस आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले लव्हबर्ड एकत्र लावू नका, त्यांची संकरित पिल्लं वांझ निघतात. सख्खी भावंडं तर नाहीच.

अंडी नकोच असतील तेव्हा

एकटी पाळलेली मादीसुद्धा अंडी घालते, आणि काही माद्या एकामागून एक घालत सुटतात. हाडं पोकळ होईपर्यंत. अंडं पडलं की लगेच उचलून टाकणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. मादी ती उणीव भरून काढते. अंडी राहू द्या, फलित होण्याची शक्यता असेल तर प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा, आणि तीनेक आठवड्यांनी ती स्वतःच कंटाळून उठली की मग उचला. प्रकाश आठ ते दहा तासांवर आणा. मऊ, गोड, उबदार खाणं बंद करून साध्या आहारावर ठेवा, समुद्रफेस मात्र काढू नका. खोकी, कपाटाचे खण, सोफ्याखालच्या फटी, झोपायचे कापडी तंबू, जे जे ढोलीसारखं वाटेल ते बंद करा. तिला डोक्यावर आणि मानेवरच कुरवाळा. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं तिच्या लेखी जोडीदाराचं वागणं असतं. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्यांची मांडणीही बदला. एवढं करूनही अंडी थांबली नाहीत, तर डॉक्टर संप्रेरकांचं इंजेक्शन किंवा इम्प्लांट देऊ शकतात.